चारशे बारा माश्या आणि एक शून्य

जेनेटिक्सच्या, म्हणजे आनुवंशिकतेच्या, पहिल्या चाचणीला पुस्तक उघडून लिहायची मुभा होती. वह्या, पाठ्यपुस्तक, सीनियर्सच्या नोट्स, काय हवं ते घेऊन बसा, असं मॅडमनी आदल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं. आम्ही खूश. मी तर तीन वह्यांना रंगीत चिकटपट्ट्या लावून, पुस्तकातली महत्त्वाची वाक्यं हिरव्या मार्करने रंगवून गेले होते. पाच प्रश्न, दोन तास. पहिली दहा मिनिटं वर्गात नुसता पानं उलटण्याचा आवाज. मग तो आवाज आपोआप कमी होत गेला, कारण पानांत काहीच सापडणार नाही हे एकेकाच्या लक्षात यायला लागलं होतं.

मला ५० पैकी १४ पडले. वर्गाची सरासरी १९.

शाळेपासून जीवशास्त्र हा माझा हक्काचा विषय. आकृत्या सुबक, पाठांतर चोख, अक्षर वळणदार. जेनेटिक्सच्या त्या पेपरात यातलं काहीही कामाला आलं नाही. एका प्रश्नाचं उत्तर मी दोन पानं लिहिलं होतं, मेंडेलच्या चरित्रासकट. मॅडमनी दोन्ही पानांवर मिळून एकच लाल रेघ ओढली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘प्रश्न वाचा.’

सीनियर्सनी आधीच घाबरवून ठेवलं होतं. मॅडमकडे दर वर्षी कितीजणांचा विषय राहतो, व्हायवात (तोंडी परीक्षेत) कोण रडत बाहेर आलं, असल्या कथा आम्ही पहिल्या वर्षापासून ऐकत होतो. प्रत्यक्षात मॅडम कधी आवाज चढवायच्या नाहीत. स्लाइड नाही, हजेरी नाही. आत यायच्या, फळ्यावर एक प्रश्न लिहायच्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. सगळ्यांना, अगदी एकेकट्या मुलालासुद्धा, अहो-जाहो करायच्या. इतर सर आम्हाला ‘अरे गाढवा’ म्हणायचे त्याचं काही वाटत नसे. पण ‘तुम्ही हे कशावरून म्हणता?’ हे त्यांचं शांत वाक्य फार टोचायचं.

पहिल्याच तासाचा प्रश्न मला अजून जसाच्या तसा आठवतो. आईवडील दोघंही ठणठणीत. थोरल्या मुलाला एक रिसेसिव्ह आजार आहे, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणारा. धाकटी मुलगी निरोगी आहे. ती मुलगी कॅरिअर, म्हणजे एकच बिघडलेली प्रत बाळगणारी, असण्याची शक्यता किती?

हे काय विचारणं झालं! आईवडील दोघंही कॅरिअर, मुलांत पूर्ण निरोगी, कॅरिअर, आजारी यांचं प्रमाण एक, दोन, एक. चारांत दोन कॅरिअर. वर्ग एकसुरात ओरडला, ‘निम्मी!’ मॅडमनी फळ्यावर १/२ लिहिलं, त्याभोवती छान गोल काढला आणि म्हणाल्या, ‘प्रत्येकाने दोन नाणी काढा.’

नाणी गोळा करण्यातच पाच मिनिटं गेली. एक नाणं आईचं, एक बापाचं. छापा म्हणजे चांगली प्रत, काटा म्हणजे बिघडलेली. सगळ्यांनी उभं राहून एकदा दोन्ही नाणी उडवायची. आम्ही ६४ जण होतो. ‘दोन्ही काटे पडलेत त्यांनी खाली बसा,’ मॅडम म्हणाल्या. १७ जण बसले. उरले ४७. ‘आता उभ्यांपैकी ज्यांचा एक छापा, एक काटा आहे, त्यांनी हात वर करा.’ हात मोजले, ३१.

‘धाकटी मुलगी कुठे आहे? उभ्यांत की बसलेल्यांत?’

कोणी बोललं नाही. ती निरोगी आहे हे प्रश्नातच सांगितलेलं होतं. म्हणजे ती बसलेल्यांत असूच शकत नाही. मग चारांतले दोन कशाला, तिघांतले दोन. ४७ पैकी ३१ म्हणजे जवळपास तेवढेच. मॅडमनी १/२ पुसून २/३ लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. ‘समजलं का?’ वगैरे विचारायची पद्धत नव्हती.

त्या दिवशी गंमत वाटली होती. त्या गमतीतच सगळी मेख होती, हे चाचणीत १४ मार्क पडल्यावर कळलं. एक, दोन, एक हे प्रमाण मला पाठ होतं. खाली कोण बसलंय ते बघायची सवय नव्हती.

त्यांची मार्क देण्याची पद्धत तर आम्हाला सरळ अन्याय वाटायची. उत्तर चुकलं पण वाट बरोबर असली तर दहापैकी सात-आठ. उत्तर बरोबर पण वाट दाखवलेली नाही, तर शून्य. मला असं एक शून्य मिळालंय, थ्री-पॉइंट क्रॉसच्या गणितात, म्हणजे संकरातल्या माश्या मोजून तीन जीन्सचा क्रम आणि अंतरं काढायची. फळमाशीतली तीन जीन्स होती, यलो, व्हाइट आणि मिनिएचर, प्रश्नात मुद्दाम उलटसुलट क्रमाने दिलेली. आठ प्रकारच्या माश्यांची संख्या दिली होती आणि क्रोमोसोमवर जीन्सचा क्रम कोणता ते विचारलं होतं. आता हा क्रम पुस्तकातल्या नकाशात छापलेलाच आहे. मी तो लिहून टाकला आणि अंतरं काढून मोकळी झाले. शून्य.

मी भांडायला गेले. मॅडमनी पेपर माझ्यासमोर ठेवला. ‘उत्तर बरोबर आहे. पण या तक्त्यात तुम्हाला ते कुठे दिसलं?’

तक्त्यात ते दिसतं, बघितलं तर. आठ गटांतले सर्वांत मोठे दोन म्हणजे जसेच्या तसे आईबापांसारखे. सर्वांत छोटे दोन म्हणजे ज्यांच्यात क्रोमोसोमच्या जोडीतल्या तुकड्यांची दोन ठिकाणी अदलाबदल झाली, कारण एका वेळी दोन्हीकडे तुटून जुळणं दुर्मीळ. या दोन जोड्या एकाखाली एक लिहिल्या की तिघांपैकी एकच जीन जागा बदललेलं दिसतं. ते मधलं. दोन ओळींचं काम आहे. मी ते केलं नव्हतं, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं. शेजारच्या मुलाने सगळं नीट मांडून शेवटी वजाबाकीत घोळ घातला होता, त्याला दहापैकी नऊ.

त्याच वेळी त्यांनी स्टर्टेव्हंटची गोष्ट सांगितली. १९११ साली कोलंबिया विद्यापीठात फळमाश्यांवर संशोधन करणाऱ्या मॉर्गनच्या प्रयोगशाळेत काम करणारा, अजून पदवीही न झालेला मुलगा. अदलाबदलीचं प्रमाण म्हणजेच अंतर, हे त्याच्या डोक्यात आलं. आकडे घरी घेऊन गेला आणि दुसरा अभ्यास बाजूला सारून रातोरात त्याने एक्स क्रोमोसोमवरच्या जीन्सचा नकाशा काढला. कुठल्याही क्रोमोसोमचा तो पहिला नकाशा, छापून आला १९१३ साली. ‘त्याने त्या रात्री गृहपाठ केला नव्हता,’ मॅडम म्हणाल्या. ‘तुम्हीही करू नका. सकाळी नकाशा घेऊन या.’ असं बोलताना त्या हसत आहेत की नाही हे कधी कळायचं नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर हे सगळं आरतीसारखं वाटेल. पहिल्या चाचणीनंतर सहा-सात जणांनी विषय सोडला. त्यांतली एक माझी जवळची मैत्रीण. ती माझ्यापेक्षा हुशार होती, फक्त तिला वेळ लागायचा आणि सगळ्यांसमोर बोलायची भीती होती. मॅडमनी एकदा तिला फळ्यापाशी बोलावलं, ती गप्प उभी राहिली, आणि मॅडम पूर्ण तीन-चार मिनिटं खिडकीपाशी तशाच थांबल्या. ना मदत, ना ‘बसा’. मैत्रीण दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मॅडमनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की तिथे त्यांचं चुकलं. प्रश्न विचारायचे ते पहिल्या दोन बाकांवरचे सात-आठ जण, आणि मॅडमना तेवढा वर्ग पुरत असावा.

मी टिकले त्याचं श्रेय पार्टनरला आणि दोन रंगांच्या पेन्सिलींना. प्रॅक्टिकलच्या जोड्या लावताना तो माझ्या वाट्याला आला होता. आम्ही दोघांनी मिळून सोडवलेली गणितं बघणं बंद केलं. त्याऐवजी एकमेकांना गणितं घालायचो. गणित सोडवण्यापेक्षा घालणं अवघड असतं हे तेव्हा कळलं. वंशावळ आखताना एखाद्या आजारी बापाचा मुलगा आजारी दाखवला आणि तो आजार बापाच्या एक्सवरून आला असं धरलं, तर सगळं कोसळतं, कारण मुलाला बापाकडून एक्स मिळतच नाही. निरोगी जोडप्याला आजारी मुलगी दाखवली की एक्सवरचा रिसेसिव्हही बाद, कारण मग बाप आजारी हवा होता. मॅडम वंशावळ देऊन ‘हा कोणता प्रकार?’ असं कधी विचारायच्या नाहीत. ‘कोणता असू शकत नाही?’ असं विचारायच्या. घालून बघितल्याशिवाय त्यातला फरक मला कळला नसता.

त्यांच्या केबिनमध्ये ठरलेल्या वेळी जाता यायचं, फक्त अर्धवट सोडवलेलं गणित घेऊन. कोरा कागद नेला तर परत पाठवायच्या. मी एकदा हीमोफिलियाचं, म्हणजे एक्सवरून येणाऱ्या रक्त न गोठण्याच्या आजाराचं, गणित घेऊन गेले होते. एका बाईची आई कॅरिअर आहे, भाऊ आजारी आहे. ती स्वतः कॅरिअर असण्याची शक्यता निम्मी. तिला तीन मुलगे झाले, तिन्ही निरोगी. आता किती? मी अडकले होते. मॅडमनी फक्त विचारलं, ‘किती जणी उभ्या राहिल्या?’ आणि मला ती नाणी आठवली. समजा अशा सोळा बायका. आठ कॅरिअर नाहीत, त्यांचे मुलगे निरोगीच, त्या आठही उभ्या. आठ कॅरिअर आहेत, पण त्यांचे तिन्ही मुलगे निरोगी निघायची शक्यता आठात एक, म्हणजे एकच उभी. नऊ उभ्या, त्यांतली एक. १/९. पुस्तकात यालाच एक भलंमोठं सूत्र आहे. ते मला आजही आठवत नाही.

आणि मग माश्या आल्या.

प्रॅक्टिकलला प्रत्येक जोडीला फळमाशीचा एक क्रॉस होता. आमच्याकडे काळं अंग आणि खुरटे पंख ही दोन जीन्स आली. दोन्ही दुसऱ्या क्रमांकाच्या क्रोमोसोमवर. नेहमीच्या करड्या, लांब पंखांच्या माशीशी त्यांचा संकर करायचा, पहिल्या पिढीतल्या माश्या सगळ्या करड्याच दिसतात, त्या परत काळ्या-खुरट्या माश्यांशी जुळवायच्या आणि पुढच्या पिढीत अदलाबदल झालेल्या माश्या मोजून दोन जीन्समधलं अंतर काढायचं. २५ अंशांना एका पिढीला साधारण दहा दिवस लागतात. कागदावर सोपं.

माशी हातात धरता येत नाही, तिला ईथर देऊन झोपवावं लागतं. कमी दिलं तर मोजता मोजता उठून उडून जाते, जास्त दिलं तर मरते. मेलेली ओळखायची खूण पहिल्याच दिवशी शिकवली होती. पंख अंगापासून काटकोनात उभे राहिले की माशी गेली. पहिल्या आठवड्यात आमच्या पांढऱ्या टाइलवर नुसते उभे पंख होते. झोपलेल्या माश्या बाटलीत परत टाकताना बाटली आडवी ठेवायची, नाहीतर त्या तळातल्या लगद्यात चिकटतात. नुकत्याच बाहेर आलेल्या माश्या इतक्या फिकट असतात की काळी कोण आणि करडी कोण ते सांगता येत नाही, नराच्या पोटाचं काळं टोकही नीट दिसत नाही. मग पुढच्या पायावरचा तो इवलासा काळा कंगवा शोधायचा, तो फक्त नराला असतो. ब्रशच्या एका केसाने पाय सरळ करून तो कंगवा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी अख्ख्या लॅबला बोलावून दाखवला होता.

खरी कटकट कोऱ्या माद्यांची. मादी एकदा नराबरोबर राहिली की त्याचं बीज कितीतरी दिवस साठवून ठेवते, मग तुम्ही तिला कुठल्याही नराबरोबर ठेवा, पिल्लं कोणाची ते सांगता येत नाही. त्यामुळे कोशातून बाहेर आल्यापासून आठ तासांच्या आत तिला वेगळं काढायचं. म्हणजे सकाळी बाटली पूर्ण रिकामी करायची आणि आठ तासांच्या आत परत हजर. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. नेमकं पहिल्या पिढीच्या वेळी एक दिवस मला वाटलं तो जाणार आहे, त्याला वाटलं मी जाणार आहे. सोळा तासांनी बाटली बघितली तेव्हा आत सगळा संसार थाटलेला होता. माद्या सगळ्या वाया. उरल्यासुरल्या कोशांतून जेमतेम दोन माद्या निघाल्या, त्याही ईथरमध्ये गेल्या.

नर मात्र भरपूर होते. आणि शेजारच्या टेबलाकडे काळ्या-खुरट्या कोऱ्या माद्या जास्तीच्या होत्या. मग आम्ही उलट जुळवणी केली. नर पहिल्या पिढीतला, मादी काळी-खुरटी. आम्ही हे विचार न करता केलं असं नाही. मेंडेलनेच दाखवलंय की नर या बाजूचा घ्या की त्या बाजूचा, निकाल तोच येतो. मॉर्गनच्या १९१० सालच्या पांढऱ्या डोळ्यांच्या माशीत फरक पडला होता, पण ते जीन एक्सवर होतं. आमची दोन्ही दुसऱ्या क्रोमोसोमवर. पार्टनर म्हणाला, ‘अगं, इथे नर-मादीचा संबंधच काय?’ मला पटलं.

दहा-बारा दिवसांनी मोजणी केली. करड्या, लांब पंख: २१९. काळ्या, खुरटे पंख: १९३. करड्या खुरट्या: शून्य. काळ्या लांब: शून्य. एकूण ४१२.

आम्ही पुन्हा मोजलं. मेलेल्या माश्यांची स्पिरिटची बाटली ओतून एकेक परत बघितली. शून्य. शेजारच्या टेबलावर हीच जीन्स, त्यांच्याकडे अशा अदलाबदल झालेल्या माश्या सत्तरच्या वर निघाल्या होत्या. सबमिशन दोन दिवसांवर.

‘लिहून टाकूया,’ पार्टनर म्हणाला. ‘मेलेल्या माश्या कोण मोजतंय?’

मी नाही म्हणाले असं लिहायला मला आवडलं असतं. मी पेन्सिल घेतली. शेजाऱ्यांचं प्रमाण साधारण १७ टक्के होतं. त्या हिशेबाने १७१, १७१, ३५, ३५ यायला हवेत. अगदी तेच लिहिलं तर संशय येईल म्हणून थोडं इकडेतिकडे केलं. १७३, १६९, ३६, ३४. जर्नलमध्ये छान दिसत होतं. पुढे काय-स्क्वेअर, म्हणजे अपेक्षित आणि मोजलेल्या आकड्यांतल्या फरकाचं माप, काढायचा रकाना होता, तो मी भरला. ०.१० आलं.

तिथे माझ्या पोटात गोळा आला. कारण दोन आठवड्यांपूर्वीच मॅडमनी मेंडेलचे वाटाणे वर्गात करून घेतले होते. गोल-पिवळे ३१५, सुरकुतलेले-पिवळे १०१, गोल-हिरवे १०८, सुरकुतलेले-हिरवे ३२. एकूण ५५६, अपेक्षित नऊ-तीन-तीन-एक या प्रमाणाशी ताडून काय-स्क्वेअर ०.४७. यापेक्षा जास्त फरक निव्वळ योगायोगाने पडायची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. एका प्रयोगात असं होऊ शकतं. पण मेंडेलचे सगळेच प्रयोग एकत्र धरले तर आकडे फारच गोड येतात, असं संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३६ साली दाखवलं, आणि तो वाद अजून चघळला जातो. मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘काय-स्क्वेअर फक्त मोठा आला तरच बघायचा असं नसतं.’

मेंडेलचे ०.४७ आणि आमचे ०.१०. म्हणजे मेंडेललाही मागे टाकलं होतं आम्ही. शिवाय खुरट्या पंखांच्या माश्या थोड्या कमीच जगतात, ते आमच्या खऱ्या आकड्यांत दिसत होतं आणि खोट्यांत आम्ही विसरलो होतो. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही, पकडले जाऊ या भीतीने मी ते खोडलं आणि दोन शून्यं लिहिली.

मॅडमनी जर्नल उघडलं. बराच वेळ बघितलं.

‘पहिल्या पिढीतली मादी घेतलीत की नर?’

‘नर.’

‘मग सांगा, शून्य का?’

पार्टनर म्हणाला, कदाचित योगायोग. ‘४१२ मध्ये शून्य हा योगायोग नसतो,’ त्या म्हणाल्या. ‘उद्या या.’ आणि जर्नल परत देताना पान उजेडाकडे धरून म्हणाल्या, ‘खोडलेलं वाचता येतं. पुढच्या वेळी कागदच बदला.’

त्या संध्याकाळी आम्ही वाचनालयात पुस्तकं पालथी घातली. सापडलं ते माझ्याच पुस्तकात. नर फळमाशीत क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे ती अदलाबदल, होत नाही. एक साधं वाक्य, परिच्छेदाच्या शेवटी. आणि ते मी हिरव्या मार्करने रंगवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सांगितलं तर मॅडमना त्याचं विशेष काही वाटलं नाही. मॉर्गनने नरातलं हे पूर्ण लिंकेज, म्हणजे जीन्सचं एकमेकांपासून कधीच न सुटणं, १९१२ साली छापलं, तेही याच दुसऱ्या क्रमांकाच्या क्रोमोसोमवरचं, एवढं म्हणाल्या. मग लगेच, ‘रेशीमकिड्यात कोणात होत नाही?’ आम्ही नर म्हणालो. तिथे मादीत होत नाही. फळमाशीत एक्स-वाय असतो तो नर, रेशीमकिड्यात दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असतात ती मादी. मला अचानक वाटलं की आपण काहीतरी फार मोठं हातात धरून उभे आहोत आणि त्याचं अजून फक्त एक टोक दिसलंय. हे वाटणं साधारण दहा सेकंद टिकलं, कारण मग त्यांनी मार्क लिहिले. २० पैकी ८. ‘अंतर विचारलं होतं. अंतर कुठाय?’

परत पहिल्यापासून. सकाळची फेरी, दुपारची फेरी, या वेळी दोघंही दोन्ही वेळा. तीन-साडेतीन आठवडे गेले. ४३८ माश्या, त्यांत अदलाबदल झालेल्या ७७. म्हणजे १७.६ टक्के. व्हायवाला मॅडमनी नकाशा समोर ठेवला. ब्लॅक (काळं अंग) ४८.५ वर, व्हेस्टिजिअल (खुरटे पंख) ६७ वर. ‘फरक १८.५. तुमचं कमी का?’

मी तयारीत होते. दोघांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर माशी पुन्हा आईबापांसारखीच दिसते आणि मोजणीतून निसटते. नकाशातलं अंतर छोटे छोटे तुकडे जोडून काढलेलं असतं, म्हणून ते जास्त. पार्टनर पुटपुटला, ‘किंवा नुसता योगायोग.’ मी त्याला टेबलाखालून पाय मारला.

‘ते बरोबर सांगतायत,’ मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या. ‘तुमचंही बरोबर आहे. पण ४३८ माश्यांवर तुमचं कारण की त्यांचं, हे वेगळं कसं करणार?’

खरंच करता येत नव्हतं. एवढ्या नमुन्यात दोन-एक टक्के इकडेतिकडे सहज होतात. मला माझं हुशार उत्तर इतकं आवडलं होतं की मी ते तपासलंच नव्हतं.

शेवटचा महिना लॅक ओपेरॉनचा, म्हणजे जीवाणूत लॅक्टोज पचवणारी जीन्स चालू-बंद कशी होतात त्याचा. जेकब आणि मोनो यांनी १९६१ साली मांडलेली ही कल्पना, पुढे १९६५ चं नोबेल. पुस्तकात याचे तक्ते आहेत आणि ते पाठ करणारे दर वर्षी उताणे पडतात. आम्ही पहारेकरी आणि कुलूप असं धरून चाललो. रिप्रेसर म्हणजे फिरता पहारेकरी, पेशीत कुठेही जाऊ शकतो. ऑपरेटर म्हणजे दाराला ठोकलेलं कुलूप, ते त्याच दाराचं. पेशीत जीन्सच्या दोन प्रती ठेवल्या, एकीचा पहारेकरी गैरहजर, तर दुसरीचा दोन्ही दारं सांभाळतो. पण एका दाराचं कुलूपच तुटलं असेल तर दुसऱ्या दाराचं चांगलं कुलूप त्याच्या काय कामाचं? ते दार कायम सताड उघडं. आणि पहारेकरी बहिरा असेल, लॅक्टोज आलंय ही हाक त्याला ऐकूच येत नसेल, तर दुसरा कितीही चांगला असला तरी बहिरा दोन्ही दारं बंद करून बसणार, फक्त तुटक्या कुलपाच्या दारापुढे त्याचंही काही चालणार नाही. एवढं धरलं की कुठलाही तक्ता स्वतःच भरता येतो.

अंतिम पेपरात त्यावरच वीस मार्कांचा प्रश्न होता. एक अनोळखी जीवाणू, जीन्सना नुसती नावं अ, ब, क. कोणतं पहारेकऱ्याचं, कोणतं कुलपाचं, ते आकड्यांवरून ओळखा आणि तुमचं उत्तर खोटं ठरवू शकेल असा एक प्रयोग सुचवा. या पेपरालाही पुस्तकं न्यायची मुभा होती. मी एकच वही नेली होती आणि तीही उघडली नाही. यात शौर्य काही नव्हतं, वेळच नव्हता.

१०० पैकी ६१ पडले. वर्गात बरे म्हणावे असे. पण त्या वीस मार्कांच्या प्रश्नात मला अकराच दिले होते आणि माझा प्रयोग बरोबर होता याची मला खात्री होती. मी पेपर घेऊन केबिनमध्ये गेले.

मॅडमनी चष्मा लावला आणि तो प्रश्न पुन्हा वाचला. मग, मी सांगितलं नव्हतं तरी, बाकीचा पेपरही पहिल्यापासून वाचायला घेतला. मी उभीच. वीसेक मिनिटं झाली असतील. माझ्या प्रयोगाला दोन मार्क वाढवले. दुसऱ्या प्रश्नात त्यांच्याच नजरेतून एक चूक सुटली होती, तिथे तीन कमी केले. एकूण खोडून ६० लिहिलं, खाली सही केली.

‘प्रयोग चांगला आहे,’ पेपर माझ्याकडे सरकवत म्हणाल्या. ‘पण कंट्रोल कुठाय?’

मी बघितलं. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा न बदललेला नमुना, लिहायचा राहिला होता.

‘जाताना दार लावून घ्या.’